तिरका पाच

पानावरचा पाचाचा आकडा जरा उजवीकडे कलला होता. शर्मिष्ठाने जेवणाचा डबा बाजूला सारला आणि स्क्रीनजवळ वाकून बघितलं. बाकीचे सगळे आकडे ताठ होते.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली ही कंपनी जड सामान चढवायची-उतरवायची यंत्रं बनवायची आणि तशी कामंही घ्यायची. कंपनीच्या कामगारांसाठीच्या वेबसाइटवरची माहितीची पानं लिहिणं हे शर्मिष्ठाचं काम. हे पान वायररोपचं, म्हणजे पोलादी तारांच्या दोराचं होतं: किती वजनाला किती ताकदीचा दोर लावायचा. निवृत्त झालेल्या काशीराम फोरमननी वहीत लिहून ठेवलेली बेचाळीस सूत्रं तिने जशीच्या तशी टाइप केली होती. काशीराम गुणाकाराला फुली काढत नसत, चांदणी काढत. घाईत काढलेली फुली अधिकासारखी दिसते, असं त्यांचं म्हणणं. तिनेही चांदण्याच ठेवल्या.

घोळ तिथेच झाला. ती ज्या पद्धतीने पानं लिहायची त्यात शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी दिली की पानावर तो शब्द तिरका होतो आणि चांदण्या गायब होतात. गणिताला मात्र दोन्ही बाजूंना डॉलरचं चिन्ह द्यायचं, मग आतल्या चांदण्यांना कोणी हात लावत नाही. एकेचाळीस सूत्रांना तिने डॉलर दिले होते. एकाला राहिले. एक पूर्णांक दोन, चांदणी, पाच, चांदणी, वजन. म्हणजे दोराची ताकद वजनाच्या सहापट हवी. चांदण्या गेल्या, आकडे एकमेकांना चिकटले, आणि पानावर उरलं एक पूर्णांक पंचवीस. सव्वापट. इतका ओळखीचा आकडा की पान चढवल्यापासून नऊ दिवसांत कोणालाच खटकला नाही. तिला स्वतःलाही नाही, आणि तिला जास्त राग त्याचाच आला.

तिने दोन डॉलर टाकले. चांदण्या परत आल्या, पाच ताठ झाला. वेबसाइट सांभाळणारा सौरभ शेजारीच बसायचा. त्याने मान वळवून बघितलं.

"झालं ना बरोबर? मग जेव. कोणाला कळणार पण नाही यार."

"आणि ज्यांनी आधीच वाचलंय त्यांचं काय?"

तिचं प्रोबेशन संपायला चार दिवस उरले होते, हे दोघांनाही माहीत होतं. शर्मिष्ठा उठली आणि जिना उतरून खाली गोदामात गेली.

गोदामात नेट येत नाही. त्यामुळे तिथला नंदकिशोर लागतील ती सूत्रं वर येऊन डायरीत उतरवून न्यायचा. दोन महिन्यांपूर्वीच लागला होता, पन्नाशीचा माणूस, कामाला चोख. हे सूत्र वापरून कुठे दोर दिलाय का, असं तिने विचारलं तेव्हा त्याने डायरी उघडून तिच्यापुढे धरली. निळ्या बॉलपेनने, सुवाच्य अक्षरात, एक पूर्णांक पंचवीस. त्यातला पाच तिरका.

एकच दोर गेला होता. मुलुंडच्या एका सात मजली सोसायटीत, गच्चीवरून लिफ्टची जुनी मोटर उतरवायला. मोटर तीनशे किलोची. अठराशे किलो पेलणारा दोर जायला हवा होता, गेला होता चारशेचा. काम आजच होतं.

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. नंदकिशोरने लँडलाइनवरून तिथे मोटर उतरवायला गेलेल्या मिथुनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मिथुन, मोटर उतरवू नको."

"काका, निम्म्यात आलीय. चौथ्या मजल्याजवळ लटकतेय."

"खाली कोण आहे?"

"आपले दोघं. आणि सोसायटीचे आजोबा लोक बघायला जमलेत."

"सगळ्यांना लांब कर. पार गेटपर्यंत. मग हळू सोड. झटका देऊ नको."

फोनमधून माणसं हटवल्याचा गलका आला. एक म्हातारा कुरकुरला, कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची ओढत नेली. मग नुसती दोर सोडणाऱ्या विंचची कटकट. शर्मिष्ठाला भीती वाटत होती, आणि ती लपवायचं तिच्या लक्षातही आलं नाही. ती डायरीतल्या त्या पाचाकडे बघत उभी राहिली. मध्येच कटकट थांबली. नंदकिशोरने टेबलाची कड धरली. कटकट परत सुरू झाली.

"टेकली काका," मिथुन म्हणाला. "झालंय काय पण?"

"मग सांगतो. तो दोर कापून टाक. दोन तुकडे कर, म्हणजे कोणी परत वापरायला नको."

फोन ठेवल्यावर शर्मिष्ठाने सांगितलं की चूक तिची आहे, साहेबांनाही ती स्वतःच जाऊन सांगणार आहे, आणि खरा आकडा सहापट. नंदकिशोरने तो डायरीत खाली लिहून घेतला. जुन्या सूत्रावर काट मारायला पेन टेकवलं आणि तो थांबला.

"पण मॅडम, हा पाच तिरका कशाला होता?"

"कशालाच नाही काका. चुकून झाला."

"असं होय." त्याने काट मारली. "मला वाटलं, तिरका काढलाय म्हणजे जपून, असं सांगायचं असेल. म्हणून मी वापरलेला दोर दिला नाही. नवं बंडल फोडलं."