स्प्रिंगचा आराम

शस्त्रागारातल्या आर्मोररने हवालदार घुगेच्या पिस्तुलाची मॅगझीन उघडली. "स्प्रिंगचा दम गेलाय. म्हणून त्या दरोडेखोरासमोर दुसरी गोळी वर आलीच नाही. रोज रिकामी करायचा का हा?"

"हा नाही. ड्युटी संपली की दोघांची मॅगझीन मीच रिकामी करायचो," घुगेचा ड्युटीवरचा जोडीदार शिरसाट म्हणाला. "स्प्रिंगला जरा आराम म्हणून."

"अरे, भरलेली राहिली असती तर टिकली असती. स्प्रिंग दबून झिजत नाही, रोजच्या काढ-घालीनं झिजते."

शिरसाट हॉस्पिटलात पोचला तेव्हा घुगे अजून बेशुद्धच होता. त्याची बायको उठून पुढे आली.

"किती जपायचात ह्यांचं पिस्तूल, भावजी! आमचंच नशीब फुटकं," म्हणत तिने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

शिरसाटला ते सोडवूनही घेता येईनात.