सांभाळणारीचं पान

“तुमच्या दृष्टीने चांगला दिवस कसा असतो?” गेडीजनी फॉर्मवरचा पहिला प्रश्न वाचला. प्रश्नाशेजारी हसऱ्या सूर्याचं चित्र होतं.

मोर्व्हेनने किटली ओट्यावर आदळली. दोन वर्षांत स्थानिक कौन्सिलकडून आलेला हा चौथा माणूस, आणि सूर्य तोच.

टेबलापाशी तिचा धाकटा भाऊ फर्गस चाकाच्या खुर्चीत बसला होता. जन्मापासूनच त्याचे हातपाय त्याचं ऐकत नसत, आणि जीभही मोठ्या कष्टाने ऐके. डोकं मात्र लख्ख.

“मला... उशिरा...” तो म्हणाला.

“उशिरा उठायला आवडतं त्याला,” मोर्व्हेन म्हणाली.

फर्गसने नकारार्थी मान हलवली. “झो... पायला.”

“हां, तेच ते!” मोर्व्हेन गेडीजकडे वळली. “संध्याकाळी सव्वासातला तुमच्या एजन्सीच्या बाया येतात आणि शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला बिछान्यात घालून जातात. जूनमध्ये! इथे उत्तरेत रात्री दहापर्यंत ऊन असतं. बाहेर पोरं फुटबॉल खेळत असतात आणि हा छताकडे बघत पडून असतो. का, तर त्यांना पुढच्या घरी जायचं असतं. गेल्या महिन्यात अकरा नवे चेहरे आले. आल्या की आधी फाईल वाचतात, मग मला विचारतात, ‘हा चहा घेतो का?’ अहो, तो समोर बसलाय! आणि या सगळ्याला म्हणायचं काय, तर ज्याची त्याची, आपापल्या पसंतीची सेवा!”

“म्हणूनच आलोय,” गेडीज म्हणाले. उंच, थकल्या चेहऱ्याचा माणूस. दारात बूट काढले होते, आणि एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. “मदतीचे हे मंजूर तास एजन्सीला द्यायलाच हवेत असं नाही. तुम्ही आपला माणूस निवडा, गावातला, ओळखीचा. वेळही तुम्हीच ठरवा.”

“हे आधीच्या तिघांनीही सांगितलं. मग कागद वर जातो आणि वरच राहतो.”

“या वेळी सही माझीच आहे.”

मोर्व्हेन काही बोलणार, तेवढ्यात फर्गस म्हणाला, “आर्ची.”

आर्ची म्हणजे गेल्या साली निवृत्त झालेला पोस्टमन. दर शनिवारी फर्गसची खुर्ची ढकलत बंदराकडे घेऊन जाई.

“आर्ची?” मोर्व्हेन उसळली. “त्याला स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधता येत नाहीत, तो तुला काय आंघोळ घालणार!”

“आर्चीला... माझं... बोलणं...”

“कळतं. मलाही कळतं की!”

“नाही.” फर्गसच्या मानेची शीर ताणली. “तो... थांबतो.”

गेडीज खाली बघून लिहीत राहिले. मोर्व्हेनने तीन कपांत चहा ओतला, आणि ओटच्या बिस्किटांचा डबा इतक्या जोरात उघडला की दोन बिस्किटं जमिनीवर पडली.

पान सहा संपलं. गेडीजनी पान उलटलं. “हे सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. तुम्हाला काय हवंय?”

“फर्गसला आधी—”

“फर्गसची सहा पानं झाली. हे तुमचं.”

मोर्व्हेनने फडकं उचललं. सांगायला हजार गोष्टी होत्या, आणि एकीतही ती नव्हती. तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

“लिहा, काही नको,” ती म्हणाली. “माझे कपडे वाळत घालायचे राहिलेत.”

“खोटं,” फर्गस म्हणाला.

“काय खोटं? बाहेर बादली भरून पडलीय!”

“तिला... घर... हवंय.”

“घर आहेच की माझ्या—” तिने ओठ चावला. गेडीजनी पेन खाली ठेवलं. फर्गसने एक श्वास घेतला, मग दुसरा. कुणीच त्याचं वाक्य पुरं केलं नाही.

“रिकामं,” तो म्हणाला.

मोर्व्हेनच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. हा विचार तिने कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता. स्वतःशीसुद्धा पुरता नाही.

“आर्ची... आणि मी... ओबानला... फिरायला... एक आठवडा,” फर्गस म्हणाला. “बोटीची वेळ... बघून ठेवलीय.”

“माझ्या पाठीमागे? दोघांनी मिळून?” तिचा आवाज चढला. “आणि कुणी सांगितलं रे तुला, मला घर रिकामं हवंय म्हणून?”

“बाजारातून... येतेस,” फर्गस म्हणाला. “अर्धा तास... गाडीतच... बसतेस. दारात. मला... खिडकीतून... दिसतं.”

मोर्व्हेन खुर्ची ओढून बसली. आल्यापासून पहिल्यांदाच तिला बसलेलं गेडीज पाहत होते. तिने चहाचा कप जवळ ओढला आणि त्यात बघत राहिली.

“आईस्क्रीम वितळतं,” फर्गस म्हणाला.

तिला हसू फुटणार होतं. तिने ते गिळलं. डोळ्यांचं मात्र तिला काही करता आलं नाही.

गेडीजनी पेन हळूच उचललं. “मग लिहू का मी? एक आठवडा?”

“एका आठवड्यात काय होतंय!” मोर्व्हेन करवादली. “दोन लिहा.”