रिबीन बांधलेली कढई

मी ब्लॉगर झालेय, खरीखुरी. एक कंपनी मला स्वयंपाकघरातल्या वस्तू फुकट पाठवते आणि मी त्या वापरून कशा वाटल्या ते लिहिते. आईला हे पटतच नाही.

"इझ्झाती, आपल्या अख्ख्या केलांतानात रिबीन बांधून भेटी मुलाकडचेच पाठवतात. कोण आहे तो?"

"आई, कंपनी आहे ती."

"कुठल्या गावची?"

आज कढई आली. मी दाराशी पोचायच्या आत आईने खोकं पार्सलवाल्याला परतही दिलं. "त्यांना सांगा, पोरगी अजून शाळेत आहे. एवढ्यात लग्न करायचं नाही."

तो बिचारा निघाला, तशी आई फाटकापर्यंत त्याच्या मागे गेली आणि हळूच म्हणाली, "मागच्या वेळी आलेल्या मिक्सरमध्ये आम्ही मिरचीचं सांबल वाटलंय. तेवढ्यानं होकार होत नाही ना?"