शेवटची फणी

फणीला नऊ केळी होती. आता सात उरली होती. बाकी दोन केळ्यांची सालं स्टुलावर बसलेल्या आईच्या मांडीवर होती, घडी घातल्यासारखी एकावर एक.

लेक प्रयोगशाळेच्या दारातच थबकली. तिच्यामागून तिची मदतनीस, चाळणीवाली आली, तीही थबकली.

"किती वेळ गं," आई म्हणाली. "'माझ्या खोलीत फवारणी चाललीय, अर्धा तास इथे बस,' म्हणालीस. नऊ वाजता रिकाम्या पोटी तपासणीला रक्त द्यायचं होतं. बारा वाजले. शेवटी म्हटलं, रक्त पुन्हा कधीतरी देऊ, आज जीव राहू दे."

लेकीची नजर सालांवरून हलेना. ते पाहून आई घाईने म्हणाली, "पाटी वाचली मी. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत.' मी कुठे बाहेरचं आणलं?"

नातेवाईक लेकीला 'केळीवाली' म्हणत. काहींना तर वाटे, हिचा गाडा असेल. लेक अकरा वर्षं केळीचं बी शोधत होती. खायच्या केळीला बी धरत नाही. एकाच झाडाचे कंद काढून काढून तेच झाड सगळीकडे लावलेलं. त्यामुळे एकाला झाड वाळवून टाकणारी मर लागली की कुणीच वाचत नाही. रानकेळीला ती मर लागत नाही, पण तिच्यात गर कमी आणि बियाच फार. दोन्हींचे गुण एका बीत उतरावेत म्हणून लेक पहाटे शिडी लावून रानकेळीचे पराग खायच्या केळीच्या फुलांना लावी, आणि घड पिकला की चाळणीवाली एकेक केळं कुस्करून चाळे. शंभर घडांत एखादं बी निघालं तर निघालं. गेल्या पंधरवड्यात मर तिच्या या प्रयोगाच्या बागेतही शिरली. सगळी झाडं तोडून पुरली. त्याआधी उतरवलेला एकच घड हाती राहिला होता, आणि ही त्याची शेवटची फणी. बाकीच्या फण्या चाळून झाल्या होत्या. त्यांत काही नव्हतं.

"पण केळी काही बरी नाहीत हं तुमची," आई म्हणाली. "खडा निघाला. दात गेला माझा."

लेकीने दाराची चौकट धरली. "खडा? कुठाय?"

"ठेवलाय ना. ज्याने विकली त्याच्या तोंडावर मार." आईने रुमालाची गाठ सोडली. "यातला काळा केळ्याचा. पांढरा माझा."

मिऱ्याएवढं काळं बी. लेकीने ते चिमटीत उचललं आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी, भिंगाखाली नेलं. पांढरा तुकडा रुमालावर तसाच राहिला. चाळणीवालीने तो पुन्हा गाठीत बांधून आईच्या हातात दिला, मग सातही केळी सोलून नळाखाली चाळणीत कुस्करायला घेतली.

बी तडकलं होतं. लेकीने त्याची दोन शकलं सुईने अलग केली. आत अंकुराची जागा होती. अंकुर नव्हता. तिने दिवा जवळ ओढला, भिंग फिरवलं, पुन्हा पाहिलं.

"फोल आहे," ती म्हणाली.

चाळणीवालीने नळ बंद केला. "इकडे पण काही नाही, ताई. नुसता गर."

आई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

"दोन केळ्यांसाठी एवढं? कोपऱ्यावरून दोन डझन आणून देते तुम्हाला."

"आई, तो खडा नव्हता." लेकीचा आवाज अगदी सपाट होता. "बी होतं. अकरा वर्षं मी त्याच्याच मागे आहे. आणि आता बागेत एक झाड उरलेलं नाही."

आईने तोंडावर हात नेला.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "मग तो दुसराही बीच असणार."

"दुसरा?"

"दुसऱ्या केळ्यातला. दात गेला म्हणून भूक थोडीच जाते? पण ते जपून खाल्लं. जिभेला लागला तसा गिळून टाकला. थुंकणार कुठे, सगळं कसं चकचकीत ठेवलंय तुम्ही."

"चावला नाहीस?"

"एकदा अद्दल घडल्यावर कशाला चावू?"

चाळणीवालीची नजर आईच्या पोटावर गेली. "म्हणजे आख्खं आहे, ताई," ती कुजबुजली, जणू तिथे कुणी झोपलंय.

लेक टेबलापासून उठली. चार पावलांची खोली, पण तिला वेळ लागला. ती आईसमोर उकिडवी बसली. आईच्या ओठाच्या कडेला रक्त वाळलं होतं. ते तिला आत्ता दिसलं. तिने ते अंगठ्याने पुसलं.

"आई, आज निघू नकोस. राहा माझ्याकडे. दोन दिवस, तीन दिवस. मी रजा काढते, घरीच थांबते तुझ्यापाशी."

आई तिच्याकडे बघतच राहिली. मघाशी दात गेला तेव्हाही ती इतकी हादरली नसावी.

"राहा म्हणालीस?" ती म्हणाली. "एरवी मी चप्पल काढायच्या आत विचारतेस, परतीची बस कितीची."