तज्ज्ञाचं मत

हवाईतल्या माउई बेटावरची आपल्या खोऱ्यातली अळूची खाचरं बुजवून हॉटेल होणार, म्हणून नोहेआ नियोजन मंडळाच्या सुनावणीत पोटतिडकीने बोलली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, ही झाली भावना. लायसन असलेल्या लँडस्केप आर्किटेक्टचं मत आणा."

हॉटेलवाल्यांशी वाकडं घ्यायला कुणीच आर्किटेक्ट तयार होईना. नोहेआ अशाच एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. ती स्वतःच परीक्षेला बसली, दोनदा नापास झाली, पण शेवटच्या सुनावणीआधी लायसन मिळवलंच.

हॉटेलसाठी खोऱ्यातला ओढा अडवला तर पाणी कुणाच्या घरात शिरेल, ते तिने नकाशावर दाखवलं. मागून तिच्या शेजारचे कालानीकाका पुटपुटले, "आता बोल म्हणावं अध्यक्षाला."

अध्यक्षांनी नकाशा बाजूला सरकवला.


"काम चोख आहे. पण तुम्ही त्याच खोऱ्यातल्या. तुमचं मत निःपक्षपाती कसं धरायचं?"