डोक्यावरची रेघ

"ताई, ते रिसेटचं पान उघडा," बजरंग म्हणाला आणि डाव्या हातानं खुर्ची ओढून बसला. उजवा हात फडक्याच्या झोळीत गळ्यात अडकवलेला. बँडेजमधून अंगठा आणि करंगळी तेवढी बाहेर आली होती, मधे नुसता कापूस. निवेदितानं एकदा पाहिलं आणि तिला पुन्हा बघवेना.

सावेडीतल्या या दोन खोल्यांत सुहास आणि निवेदिता, नवरा-बायको, दूध थंड करायच्या टाक्यांचे कंट्रोल बोर्ड बनवतात. बोर्ड सुहासचा, पुस्तिका निवेदिताची. खेड्यापाड्यातल्या फिटरच्या माथी इंग्रजी कशाला मारायचं, मराठीतच द्या, हा हट्टही तिचाच. बजरंग मिरजगावच्या डेअरीवरचा फिटर. बोर्डवरच्या जादा कार्डं खोचायच्या पट्टीचं 'एक्स्पान्शन बस' हे नाव पुस्तिकेत वाचून "ही कंच्या डेपोची वो?" म्हणून सगळ्यांना हसवणारा हाच तो. आज मात्र थट्टा नव्हती.

"मेन लाइट पाडायची न्हाई, दूध नासतं, आसं तुमीच लिव्हलंय," तो म्हणाला. "निस्तं त्या बसवरचं पंख्याचं कार्ड रिसेटमधी, म्हंजे बंद, धरून ठिवायचं. मंग दूध ढवळायचा पंखा हलत न्हाई, खुशाल हात घाला. बराबर?"

"बरोबर," सुहास म्हणाला. "पण त्यासाठी रिसेटचा खटका शून्यावर हवा होता. तू ठेवलास एकवर. पुस्तिकेत सरळ लिहिलंय, नावावर रेघ असेल तर शून्य, रेघ नसेल तर एक. अरे, वाचायला नको का?"

"वाचलं की साहेब. बोट ठिवून वाचलं."

कुठलं बोट, ते त्यानं सांगितलं नाही. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर परवडलं असतं.

"पंखा थांबलेलाच हुता," तो म्हणाला. तो पंखा घटकाभर फिरतो, घटकाभर आपोआप थांबतो. बजरंगला वाटलं, आपणच थांबवला. "हात घातला आन् फिरला की वो."

सुहासनं पुस्तिका निवेदितापुढे सरकवली.

"मला दुसरं काय नको, ताई. डेअरीत समदी म्हनत्यात, बजऱ्याचे डोळे फुटले हुते. घरात माझी बायकू पंकजाबी तेच म्हनती. मी चुकलो का, तेवढं सांगा."

निवेदितानं पान उघडलं. वरच्या इंग्रजी आकृतीत रिसेटच्या नावावर आडवी रेघ होती, अक्षरांपासून सुटी, कुणालाही दिसावी अशी. ती रेघ म्हणजे उलटं समजा, शून्य म्हणजे थांबा. खाली तिनं तेच नाव मराठीत लिहिलं होतं. रिसेट. त्यावरही तिनं आठवणीनं रेघ दिली होती. पण छापताना ती बसली ती नेमकी अक्षरांच्या शिरोरेघेवर, आणि दोन्हींची मिळून झाली एक. अख्ख्या पानावर तशीच एकेक रेघ होती, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर! मराठीच ती. पुस्तिका छापून आली तेव्हा 'किती देखणी झालीय' म्हणून तिनंच पेढे वाटले होते.

सुहास तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्यालाही दिसलं.

"निवेदिता, चहाचं बघ जरा," तो म्हणाला. त्यांच्या संसारात याचा अर्थ एकच होता, तोंड मिटून आत जा.

"चहा ऱ्हाऊ द्या," बजरंग म्हणाला. "काय आसंल ते बिगीनं बोला. आज माझ्या जागी गहिनीनाथ टाकीवर गेलाय. पुस्तिका देऊन आलोय त्याला, म्हनलं, हिच्यात आसंल तसं कर. आता हात घातला आसंल त्यानं."

"फोन लावा त्याला!" निवेदिता ओरडलीच.

"थांब," सुहासनं तिचं मनगट धरलं. "आधी वकिलाला विचारू. एकदा कबूल केलं की संपलो आपण."

"खड्ड्यात गेला तुझा वकील!"

बजरंग डाव्या अंगठ्यानं फोनवर नाव शोधत होता. ती बोटं अजून त्या कामाला सरावली नव्हती. तिनं फोन हिसकावून घेतला, नाव दाबलं, स्पीकर लावला. रिंग वाजत राहिली. बजरंग उभा राहिला होता. सुहासनं डोळे मिटून घेतले होते.

"हॅलो?"

"गहिनीनाथ, मी निवेदिता बोलतेय, बोर्डवाली. हात बाहेर काढा आधी! पुस्तिकेवर जाऊ नका. पुस्तिका चुकलीय. मी चुकलेय, मी!"

पलीकडे भांडी आपटल्याचा आवाज आला.

"कंची पुस्तिका? ती व्हय?" गहिनीनाथ खाकरला. "मी आपली मेन लाइटच पाडलीया, ताई. दूध नासलं तर नासू द्या, शिव्या खाईन." मग त्यानं आवाज बारीक केला. "एक सांगू? बजरंगला बोलू नका. मला वाचाया येत न्हाई. त्याचं पुस्तक म्या शिडीच्या पायाखाली टेकू लावलंय."

निवेदितानं फोन टेबलावर ठेवला. तो तसाच चालू होता. देवा, वाचला! तिला रडू फुटलं, आणि बजरंगसमोर रडायची लाजही वाटली.

बजरंगनं फोन उचलून बंद केला. पान स्वतःकडे वळवून घेतलं आणि रिसेटच्या डोक्यावरून डावा अंगठा फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"म्हंजे मी चुकलो न्हाई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला निस्तं वाचता येत हुतं."