मोजणीपुरता नवरा

महिपतनं डोमाजीचा सदरा अंगात घातला, पण पोटावरची दोन बटनं काही लागेनात.

"श्वास वर घ्या भाऊजी," बयनाबाई म्हणाली. "तुमच्या दोस्ताचं पोट असं सुटलं नाही."

"तो लडाखात हवा खाते, मी इथं भाकर खातो," असं म्हणून महिपत ओसरीवर बसला.

माणसांची मोजणी शेजारच्या घरापर्यंत आली होती. नव्या राज्याला अडीच महिने झाले होते आणि आज एका दिवसात अख्खं राज्य मोजायचं ठरलं होतं. बस बंद, दुकानं बंद. घरात जो दिसेल तोच कागदावर. जो दिसणार नाही त्याचं रेशनकार्ड जाईल, तो या गावचा राहणार नाही, अशी बोलवा होती. दोन दिवसांपासून तलमडुगूच्या रस्त्यानं माणसं जीपच्या टपावर बसून परतत होती. एरवी ज्या घरांत एखादी म्हातारी आणि चार कोंबड्या, तिथं आज चपला मावत नव्हत्या. बयनाबाईच्या दारात एकच जोड होता, तिचा स्वतःचा.

लेक तिच्या सासरी मोजली जाणार होती. आणि नवरा डोमाजी लडाखात एका दवाखान्याच्या नळाच्या पाइपांना विजेची गरम वायर गुंडाळत होता. तिकडे थंडी लवकर पडते, पाणी पाइपात गोठतं आणि पाइप फुटतात. त्याआधी काम संपवावंच लागतं. मोजणीसाठी रजा मागितली, तर ठेकेदार हसला म्हणे. अकरा वर्षं हेच चाललं होतं. उन्हाळ्यात जायचं, दिवाळीला यायचं. दर रविवारी फोन. "पाऊस आला का? कापसाचं कसं हाय?" एवढं विचारून डोमाजी फोन ठेवायचा. याचं लग्न माझ्याशी कशाला लावलं, पावसाशीच लावायचं होतं, असं बयनाबाईला वाटायचं.

महिपतचं घर वरल्या आळीत. तिथली मोजणी दुसऱ्या मास्तरांकडे होती आणि सकाळीच तो स्वतःच्या नावानं मोजून झाला होता. आता तो डोमाजी होता. फोन सदऱ्याच्या खिशात, त्याची वायर कानात, आणि पलीकडे खरा डोमाजी, चुकलं तर सांगायला.

मास्तर सुधाकरराव आले. ते आदिलाबादचे, इथं कोणाला ओळखत नव्हते. फॉर्म तेलुगूत होता. ते मनात वाचत आणि मराठीत विचारत. त्यांनी आधार कार्डावरचा फोटो पाहिला, महिपतकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"त्या फोटोत मी मलेच ओळखू येत नाही सर," महिपत म्हणाला.

"कोणीच येत नाही," मास्तर म्हणाले. "कानात काय घातलं?"

"मशीन हाय. कमी ऐकू येते."

त्यावर मास्तर असे ओरडून विचारू लागले, की लडाखात ते फोनशिवायही ऐकू गेलं असतं.

"काम काय करता?"

महिपत जरा थांबला. कानात खरखरलं. मग तो घडाघडा बोलू लागला, "उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत लडाखात असतो, मोजणीपुरता आलो. तिथं पाइपाले गरम वायर लावतो. कशीबी गुंडाळून चालत नाही. वायरीवर वायर चढली तर जळते. वरून फोम, त्याच्यावर चंदेरी पट्टी. थंडी वाढली का बटन लावाचं. मंग बाहेर बरफ पडो, पाणी वाहतेच."

बयनाबाई दारात उभी राहून ऐकत होती. आपला नवरा तिकडे काय करतो, हे अकरा वर्षांत तिला आज पहिल्यांदा नीट कळत होतं.

मास्तरांनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून त्यांनी जे विचारलं, ते फॉर्मात नव्हतं.

"निम्मं वर्ष तिकडं! मग इथं यांच्याजवळ कोण असतं?"

महिपतनं कानातली वायर बोटानं दाबून धरली. खाली मान घालून बसला. मग हळू बोलला.

"कोणी नाही. तिथं वायर लावताना मनात येते सर. पाण्याची एवढी काळजी करून राह्यलो, अन् घरी ही एकटी. जेवली का, पाय दुखते का तिचा. पण फोनवर असं इचाराले जीभ उचलत नाही. मंग पावसाचं इचारतो."

बयनाबाईनं पदर तोंडाशी धरला. डोमाजी बोलत होता! इतक्या दुरून, दुसऱ्याच्या तोंडून का होईना, पण तोच बोलत होता.

मास्तरांनी दारावर कागद चिकटवला. "माणसं दोन," म्हणत ते पुढच्या घरी गेले.

महिपत घाईघाईनं बटनं काढू लागला.

"भाऊजी, ते शेवटचं," बयनाबाईनं विचारलं, "तसंच सांगतलं त्याईनं?"

महिपत बटनाशीच झटत राहिला. "वयनी, खोटं काऊन बोलू? त्यानं वायरीचंच सांगतलं. मास्तरनं ते इचारलं तवा तो चूप होता. मंग माह्याच तोंडून गेलं. राग नका मानू."

"राग कशाचा," ती म्हणाली.

सदरा आणि फोन ओसरीवर ठेवून महिपत निघून गेला आणि दोन माणसांचं लिहिलेलं घर पुन्हा एका माणसाचं झालं.

फोन अजून चालूच होता. नाव लागलं एवढं तरी सांगावं, म्हणून तिनं ती वायर आपल्या कानाला लावली. तिकडे वारा सुटला होता.

"नाव लागलं तुमचं," ती म्हणाली.

नुसता वारा. आता पाऊस विचारेल, मग ठेवेल, अशी ती वाट पाहत राहिली.

"महिपतले इचार," डोमाजीचा आवाज आला, एकदम बारीक. "त्याले कसं समजलं?"